‘काश्मीर प्रिन्सेस’ आणि आमच्या मावशीचा प्रश्न

वैशाखांत चंद्रपुरास राहणाऱ्या मनुष्यास गच्चीवांचून गति नाहीं. दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीं दहा वाजेपर्यंत ऊब सोडीत असतात. मग घरांतील लहानथोर मंडळी सतरंज्या, उशा, पाण्याची सुरई असा सगळा सरंजाम घेऊन वर जातात, आणि झोंप येईपर्यंत आभाळाकडे पाहण्यापलीकडे कोणास कांहीं उद्योग उरत नाहीं. गेल्या वैशाखांत अशाच एका रात्रीं आमच्या मावशीनें दक्षिणेकडे सरकत जाणाऱ्या एका लुकलुकत्या दिव्याकडे बोट केलें आणि मला विचारलें, “कां रे, हें मध्येंच बिघडलें तर काय होतें?”

“काय होणार, मावशीआजी, खालीं येतें!” माझा पुतण्या म्हणाला, आणि मुलें खिदळलीं. मावशी मात्र हंसली नाहीं. तिची नात पुढच्या आठवड्यांत नोकरीनिमित्त सिंगापुरास जावयाची होती, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईनें आयुष्यांत एकदांही विमानांत पाऊल ठेवलेलें नव्हतें. तिच्या प्रश्नांत कुतूहल थोडें आणि धास्ती फार होती. अशा धास्तीला ‘कांहीं होत नाहीं हो’ असें उत्तर देण्याची आपल्या घरांतून रीत आहे. मला ती रीत पसंत नाहीं. एक तर तें उत्तर खरें नसतें, आणि विचारणाऱ्याला तें खरें वाटतही नाहीं. म्हणून मला जें ठाऊक होतें तें सर्व तिला सांगावयाचें मीं ठरविलें. त्या गोष्टीला दोन रात्री लागल्या. या महिन्याच्या पानांत तीच उतरवून काढीत आहें.

प्रथम आमच्या डोक्यावरील रस्त्याविषयीं. नागपुराहून मद्रासेस, म्हणजे आतांच्या चेन्नईस, नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती चंद्रपुराच्या अगदीं जवळून जाते. १९४९ च्या जानेवारींत रात्रीची टपाल-विमानसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चारही शहरांहून निघालेलीं विमानें मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची तेथें अदलाबदल होई, आणि मग जें तें विमान पुढच्या वाटेला लागे. मावशीला हें सांगतांच ती उठून बसली. “म्हणजे ती घरघर! अपरात्रीं यायची. आई म्हणायची, निजा आतां, मद्रासचें टपाल चाललें.” मग थोडा वेळ थांबून ती म्हणाली, “आणि एक आलें नव्हतें. आमच्या वडिलांनीं वर्तमानपत्रांतून वाचून दाखविलें होतें.”

तिची आठवण बरोबर होती. १९५३ च्या डिसेंबरांत १२ तारखेस सोनेगांवहून मद्रासेस निघालेलें डाकोटा विमान या बाजूला पोंचलेंच नाहीं. उडाल्यावर थोड्याच वेळांत त्याच्या एका इंजिनाची शक्ति गेली. वैमानिकानें मागें फिरून विमानतळ गांठण्याचा प्रयत्न केला, पण विमान अजून पुरतें वर चढलेलेंच नव्हतें, आणि तें नागपुराजवळच कोसळलें. उतारूंपैकीं कोणी वांचलें नाहीं. कामगारपुढारी हरिहरनाथ शास्त्री हे त्यांतच गेले. वांचला तो एकटा मुख्य वैमानिक. सत्तर वर्षांपूर्वीं बारा वर्षांच्या मुलीनें ऐकलेली ही बातमी त्या रात्रीं गच्चीवर पुन्हां वर आली होती, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें. नातीच्या प्रवासाचें केवळ निमित्त झालें होतें.

“म्हणजे एक यंत्र बंद पडलें कीं संपलें!” ती म्हणाली.

तसें नाहीं, आणि येथेंच सर्व गोष्टीचें मर्म आहे. विमानाला वर तोलून धरतात ते त्याचे पंख. इंजिन केवळ त्याला पुढें ढकलतें. पंखांवरून वारा पुरेशा वेगानें वाहत असला म्हणजे झालें. मग तो वेग इंजिनानें दिलेला असो कीं उतारानें. चांद्याच्या परकोटावर दुपारीं घिरट्या घालणारी घार आपण पाहतों. ती क्वचितच पंख हलविते. तिला तापून वर चढणाऱ्या हवेचा आधार मिळतो. एवढ्या अवजड विमानाला तो पुरत नाहीं, म्हणून इंजिनें बंद पडलेलें विमान हळूहळू उतरत जातें इतकेंच. उतारावर सोडलेली सायकल पायडल न मारतां धांवते तसेंच हें. आजचें मोठें प्रवासी विमान सर्व इंजिनें थांबलीं तरी एक किलोमीटर उंची खर्चून सुमारें पंधरा किलोमीटर पुढें जातें. म्हणून वैमानिकाजवळ उंची असणें म्हणजे संसारी माणसाजवळ गांठीला पैसा असणें. ती असेल तर विचार करावयास, चूक दुरुस्त करावयास वेळ मिळतो. सोनेगांवच्या त्या डाकोटाच्या गांठीला कांहीं नव्हतें.

हिशेबाची आवड असलेल्या मुलांनीं लगेच मोबाईलवर गणित मांडलें. दहा किलोमीटर उंचीवरील विमान चंद्रपुरावर असतां दोन्ही इंजिनें बंद पडलीं तर दीडशें किलोमीटर तें जाईल. नागपूर सरळ रेषेंत सुमारें एकशेंतीस. वळण्यांत आणि वाऱ्यांत कांहीं उंची जाईल, तरी काठावर कां होईना, जमेल. पण तेंच विमान सिरोंच्यावर असेल तर? नागपूर आणि हैदराबाद हे दोन्ही विमानतळ तेथून दोनशें किलोमीटरांहून दूर. खालीं सागवान आणि बांबूचें दाट रान, मध्यें प्राणहिता आणि इंद्रावतीचीं पात्रें. सपाट, मोकळी, लांब जागा म्हणून शोधावयास गेलें तर मिळावयाची नाहीं. मोरव्याची आमची धावपट्टी लहान विमानांपुरती आहे, आणि सिरोंच्याहून तीही फार दूर. मुलांचा चेहरा थोडा उतरला. तेव्हां सांगावें लागलें कीं दोन्ही इंजिनें एकदम बंद पडणें ही फारच विरळा घडणारी गोष्ट आहे. एक बंद पडलें तर दुसऱ्यावर विमान उडत राहून उतरूं शकेल, अशाच बेतानें तें बांधलेलें असतें.

विरळा म्हटलें तरी तसें घडलेलें आहे. १९८२ च्या जून महिन्यांत २४ तारखेच्या रात्रीं लंडनहून न्यूझीलंडकडे निघालेलें ब्रिटिश एअरवेजचें एक जंबो विमान जावा बेटाजवळून जात होतें. खालीं गालुंगुंग नांवाचा ज्वालामुखी राख उधळीत होता. ती राख अंधारांत दिसली नाहीं, हवामान दाखविणाऱ्या यंत्रावरही दिसली नाहीं, कारण तें यंत्र ओलाव्याचें आहे आणि राख कोरडी. सदतीस हजार फुटांवर एकामागून एक चारही इंजिनें थांबलीं. आंत दोनशें त्रेसष्ट माणसें. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांचे सहकारी इंजिनें पुन्हां सुरू करण्याचा प्रयत्न करीत राहिले. होत नव्हतें तरी करीत राहिले. विमान खालीं खालीं येत राखेच्या बाहेर पडलें, आणि तेरा हजार फुटांच्या आसपास एक इंजिन लागलें, मग दुसरें, मग उरलेलीं. त्यांतील एक पुढें पुन्हां बंद करावें लागलें. समोरची कांच राखेनें घासून घासून पांढरी झालेली, बाहेरचें धड दिसेना, अशा स्थितींत त्यांनीं जकार्ताच्या धावपट्टीवर विमान टेंकविलें. एकालाही इजा झाली नाहीं.

मावशीनें हात जोडले. पण ती वकिलाची मुलगी आहे; समाधान झालें असें तिनें कबूल केलें नाहीं. “तेथें आग नव्हती,” ती म्हणाली. “आग लागली तर तुझी ती उंची काय कामाची?”

पहिल्या रात्रीं येथवर आलों. दुसऱ्या रात्रीं तिच्या या प्रश्नाचें उत्तर देणें भाग होतें, आणि तें देतांना सांगावी लागली ती ‘काश्मीर प्रिन्सेस’ची हकीकत. आपल्या घरांतून ती सांगितली जावी असें मला फार दिवस वाटत आलेलें आहे.

आग उंचीची किंमत उलटी करून टाकते हें मावशीचें म्हणणें खरेंच आहे. १९७६ च्या ऑक्टोबरांत १२ तारखेस मुंबईहून मद्रासेस निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेल विमानाच्या एका इंजिनांतील फिरती चकती, धातु थकून तडा गेल्यामुळें, उडाल्याबरोबर फुटली. तिच्या तुकड्यांनीं इंधनाची नळी तोडली, आग लागली, आणि सुकाणूंना बळ देणारें दाबाचें तेलही गेलें. वैमानिक वळून परत आले, धावपट्टी समोर होती. परंतु शेवटच्या कांहींशें फुटांत विमान हातांत राहिलें नाहीं. पंचाण्णवही माणसें गेलीं. जमिनीजवळ असणें ही एरवीं आपत्ति; आग लागली असतां तेंच भाग्य, पण तें भाग्यही तेथें पुरलें नाहीं.

आतां ‘काश्मीर प्रिन्सेस’. १९५५ सालच्या एप्रिलांत इंडोनेशियांत बांडुंग येथें आशिया व आफ्रिका या खंडांतील देशांची परिषद भरावयाची होती. चीनच्या शिष्टमंडळाकरितां एअर इंडिया इंटरनॅशनलचें चार इंजिनांचें कॉन्स्टेलेशन विमान ठरविण्यांत आलें. पंतप्रधान चौ एन-लाय या विमानानें जातील असा बोभाटा होता. प्रत्यक्षांत त्यांनीं बेत बदलला आणि ते त्यांत नव्हते. उतारू अकराच होते: चिनी व व्हिएतनामी शिष्टमंडळांतील माणसें आणि वार्ताहर, त्यांत एक पोलिश आणि एक ऑस्ट्रियनही होता. विमान चालविणारीं व सांभाळणारीं माणसें आठ. मुख्य वैमानिक कॅप्टन डी. के. जटार, त्यांचे सहवैमानिक एम्. सी. दीक्षित, मार्गदर्शक जे. सी. पाठक, जमिनीवर यंत्रें तपासणारे अभियंता अनंत कर्णिक, प्रवाशांची व्यवस्था पाहणारी ग्लोरिया ईव्हा बेरी, आणि आणखी तिघे. जटार आणि कर्णिक हीं नांवें वाचतांना आपल्याच आळींतील कोणी असल्यासारखें वाटतें.

त्या काळीं विमानाच्या पुढच्या भागांत बरीच माणसें लागत. आज दोन वैमानिक आणि संगणक मिळून जें करतात तें तेव्हां चार-पांच माणसांत वांटलेलें असे. चालविणारे दोघे, इंजिनांचे कांटे पाहणारा तिसरा, सूर्य, तारे आणि घड्याळ यांवरून विमान कोठें आहे हें सांगणारा चौथा, आणि बिनतारी यंत्रावर बसणारा पांचवा. हें येथें सांगण्याचें कारण पुढें कळेल.

११ एप्रिल रोजीं दुपारीं हाँगकाँगहून विमान निघालें. पांच तास सर्व सुरळीत होतें. अठरा हजार फुटांवर, खालीं दक्षिण चिनी समुद्र, जवळ नातुना बेटें. एकाएकीं स्फोटाचा आवाज झाला. थोड्याच क्षणांत उतारूंच्या भागांत धूर शिरूं लागला. उजव्या पंखावर, तिसऱ्या इंजिनाच्या मागें, आग दिसूं लागली. सामानाच्या कप्प्यांतील आगीची सूचना देणारा दिवा लागला. काय झालें हें आंतील कोणालाही ठाऊक असणें शक्य नव्हतें. उजव्या चाकाच्या खोबणींत कोणी घड्याळी बाँब ठेवला होता, त्याच्या स्फोटानें इंधनाची तिसरी टांकी फुटली होती, हें पुढें चौकशींत सिद्ध झालें.

ज्याला कारण ठाऊक नाहीं त्यानें काय करावें? जटारांनीं जें केलें तें असें. तिसरें इंजिन पेट घेईल या भीतीनें त्यांनीं तें बंद केलें आणि त्याच्या पंख्याचीं पातीं वाऱ्याला धारेनें वळवून ठेविलीं. बंद पडलेल्या पंख्याचीं पातीं आडवीं राहिलीं तर, वाऱ्यांत सूप आडवें धरल्यासारखें, तीं विमानाला मागें ओढतात. सूप उभें धारेनें धरलें कीं ओढ जाते. तीन इंजिनें चालू राहिलीं. जमीन गांठण्याइतका वेळ आग देणार नव्हती, तेव्हां समुद्रावर उतरावयाचें ठरलें. उंची आतां ठेव नव्हती, ती लवकरांत लवकर खर्चून टाकावयाची होती. आणि विमान फार वेगानें खालीं लोटावें तर जळका पंख तुटावयाचा. या दोन्हींमधली वाट हाताच्या अंदाजानें काढावयाची होती.

इकडे आपण कोठें आहों हें सांगणारे संकटाचे संदेश तीन वेळां बाहेर पाठविले गेले. त्यानंतर बिनतारी यंत्र मुकें झालें. विजेचीं मंडलें एकामागून एक निकामी होत होतीं. धूर वैमानिकांच्या कोठडींतही आला. मागें ग्लोरिया बेरी उतारूंना तरंगण्याचीं जाकिटें वांटीत होती. पाण्यावर आदळतांच दारें अडकून बसूं नयेत म्हणून संकटकाळचे दरवाजे आधींच उघडण्यांत आले. प्रत्येकजण आपल्या वांट्याचें काम करीत होता. एवढ्या माणसांत कोणी एकानें जरी आपलें काम सोडून दुसऱ्याच्या कामांत हात घातला असता, किंवा नुसतें काय झालें म्हणून विचारीत बसला असता, तरी हीं चार कामें त्या थोड्या मिनिटांत उरकलीं नसतीं. दिवाणखान्यांत वीस माणसें जमून एका आजाऱ्याला पाहत उभीं राहतात, आणि पाणी आणावयास कोणी जात नाहीं, असें दृश्य आपल्याकडे मीं इतके वेळां पाहिलें आहे कीं या गोष्टीचें मला विशेष वाटतें.

पाण्यावर उतरणें म्हणजे मऊ गादीवर उतरणें असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. इतक्या वेगांत पाणी फरशीसारखें कठीण लागतें, आणि त्यांतही दोन्ही पंख अगदीं समपातळींत असावे लागतात. एक पंख जरा आधीं टेंकला कीं तो पाण्यांत अडकतो, आणि उरलेलें विमान त्याच्याभोंवतीं फिरून मोडतें. २००९ च्या जानेवारींत न्यूयॉर्कजवळ पक्ष्यांच्या थव्यानें दोन्ही इंजिनें बंद पडलेलें विमान कॅप्टन सलनबर्गर यांनीं हडसन नदींत पंख सरळ ठेवून उतरविलें, आणि एकशेंपंचावन्नही माणसें वांचलीं. ‘काश्मीर प्रिन्सेस’चा उजवा पंख जळत होता. तोच आधीं पाण्याला लागला. विमानाचे तीन तुकडे झाले.

सोळा माणसें गेलीं. कॅप्टन जटार गेले, ग्लोरिया बेरी गेली. अकरा उतारूंपैकीं एकही वांचला नाहीं. ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. मावशीनें प्रथम तेंच विचारलें आणि मीं तेंच सांगितलें. दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे बाहेर पडले, कित्येक तास पोहून एका बेटाला लागले. तेथील कोळ्यांनीं त्यांना आसरा दिला, आणि पुढें ‘डॅम्पियर’ या ब्रिटिश युद्धनौकेनें त्यांना सिंगापुरास पोंचविलें.

“मग त्या कॅप्टनाच्या धडपडीचा उपयोग काय झाला?” हा प्रश्न मावशीचा नव्हे, माझ्या पुतण्याचा. तरुण माणसांना हिशेब लवकर पाहिजे असतो.

माझ्या मतें उपयोग दोन झाले. एक तर तिघे जिवंत राहिले, ते तो जळका सांगाडा शेवटच्या क्षणापर्यंत कोणीतरी आवरून धरला म्हणून. आकाशांतच तो ताब्याबाहेर गेला असता तर जाकिटें आणि उघडे दरवाजे कोणाच्याही कामीं आले नसते. दुसरा उपयोग मला त्याहून मोठा वाटतो. ते तिघे बोलले. विमान पाण्यांत बुडालें आणि कोणी उरलें नाहीं, असें झालें असतें तर जगानें काय म्हटलें असतें? भारतीयांची विमानें जुनीं, भारतीयांची निगा कच्ची, वैमानिकानें हयगय केली. त्या काळीं आपली विमानकंपनी परदेशीं जाऊं लागून सातच वर्षें झालीं होतीं. असा ठपका पुसावयाला पुढें किती वर्षें लागलीं असतीं कोण जाणे. परंतु आधीं स्फोट झाला, इंजिनें तोंवर नीट चालत होतीं, आग मागाहून लागली, असें प्रत्यक्ष पाहणारीं माणसें साक्षीस उभीं राहिलीं, आणि त्यांतला एक तर तीं यंत्रें जमिनीवर स्वतः तपासणारा अभियंता होता. समुद्राच्या तळांतून विमानाचे अवशेष काढण्यांत आले; चाकाच्या खोबणींत स्फोटाचें भोंक आणि अमेरिकन बनावटीच्या घड्याळी सुरुंगाचे भाग सांपडले. मे महिन्याच्या अखेरीस इंडोनेशियाच्या चौकशी-मंडळानें निकाल जाहीर केला कीं हा घातपात होता. भारत सरकारतर्फे चौकशीवर लक्ष ठेवावयास आर्. एन्. काव यांना पाठविण्यांत आलें होतें. पुढें १९६८ सालीं परदेशी हेरगिरीचें खातें उभारणारे ते हेच. हाँगकाँगच्या पोलिसांचा संशय तेथील विमानतळावरील एका सफाईकामगारावर गेला. परंतु तोंवर तो दुसऱ्या एका विमानांत लपून तैवानला निसटला होता. तो कोणाच्याही हातीं लागला नाहीं, आणि त्याच्यावर खटला उभा राहिला नाहीं.

जटार, बेरी, दीक्षित, पाठक आणि कर्णिक या पांचांना सरकारनें अशोकचक्र मालिकेंतील शौर्यपदकें दिलीं. सैन्याबाहेरच्या नागरिकांत तो मान प्रथम मिळालेल्यांत त्यांची गणना होते. कर्णिकांनीं पुढें या प्रसंगावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, त्याचें नांवही ‘काश्मीर प्रिन्सेस’च आहे. पुष्कळ शिकल्यासवरलेल्या घरांतून जटारांचें नांव विचारून पहा. एखाद्या नटाच्या तिसऱ्या लग्नाची तारीख सांगणारें घर तेथें गप्प बसेल.

दुसऱ्या रात्रीं बराच वेळ झाला होता. नात, जिच्याकरितां हें सर्व चाललें होतें, ती कोंपऱ्यांत पडून ऐकत होती. तिनें विचारलें, “काका, मीं स्वतः काय लक्षांत ठेवावें तें सांगा ना.” हा प्रश्न मला फार आवडला. उतारूच्या हातीं फार थोडें असतें, पण जें असतें तें पुष्कळजण करीत नाहींत. विमान सुटण्यापूर्वीं त्या मुली हातवारे करून कांहीं सांगत असतात तेव्हां शहाणीं माणसें मासिक चाळीत बसतात; तसें करूं नये. आपल्या जागेपासून जवळचा दरवाजा कितव्या रांगेला आहे, पुढें आहे कीं मागें, हें बोटांवर मोजून ठेवावें, कारण धुरांत दिसत नाहीं, हातानें चांचपडतच जावें लागतें. बाहेर पडावयाची वेळ आली तर वरच्या कप्प्यांतलें सामान तेथेंच सोडावें. आणि तरंगण्याचें जाकीट आंत फुगवूं नये. १९९६ च्या नोव्हेंबरांत इथिओपियाचें एक पळविलेलें विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रांत उतरलें. त्याचाही एक पंख आधीं लागला आणि तें मोडलें. आदळूनही जिवंत राहिलेल्यांपैकीं कित्येकांनीं घाईनें आंतच जाकिटें फुगविलीं होतीं. पाणी भरतांच ते छताला जाऊन चिकटले. खालीं बुडी मारून दारांतून निघणें त्यांना शक्य झालें नाहीं. अंगावर घालावें आतां, फुगवावें दारांत पोंचल्यावर, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ.

“आणि ती मुलगी?” मावशी मध्येंच म्हणाली. “जाकिटें वांटणारी. तिनें स्वतः घातलें होतें का रे?”

तें मला सांगतां आलें नाहीं.

नात पुढच्या आठवड्यांत गेली. नागपुराहून तिचें विमान सुटलें तेव्हां दुपारचे दोन वाजले होते आणि उन्हांत गच्चीवर उभें राहणें अशक्य होतें. तरी मावशी ओला पंचा डोक्यावर घेऊन जिन्याच्या दारांत बसली होती. विमान आमच्या बाजूनें जाणारच नव्हतें, तें मुंबईकडे गेलें, हें तिला कोणी सांगितलें नाहीं. रात्रीं उशिरां सिंगापुराहून फोन आला. पोंचल्याचें, जेवल्याचें, सामान मिळाल्याचें सगळें सांगून झालें. मग मावशीनें फोन आपल्या हातांत घेतला आणि विचारलें, “दरवाजा कितव्या रांगेला होता?”

“दोन्ही विमानांतला सांगूं, आजी?” पलीकडून आवाज आला. “पहिल्यांत चार रांगा मागें. दुसऱ्यांत सहा पुढें.”